आई, जरा पाणी पिऊन ये

आमच्या घरात माझ्यापासून काही लपवायचं असलं की सगळे इंग्रजीत बोलतात. मुलगा तर एकेक अक्षर सुटं करून बोलतो, जशी काही मी तीन वर्षांची आहे आणि विषय चॉकलेटचा चाललाय. वास्तविक मी निवृत्त होईपर्यंत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. घाटकोपरच्या चाळीतून सकाळी वेणीफणी करून निघायचे आणि दिवसभर कानाला हेडफोन लावून अर्ध्या मुंबईची लग्नं, मयतं, सोयरिकी आणि भानगडी जोडून द्यायचे. ट्रंक कॉल जोडला की ऑपरेटरने ऐकायचं नाही असा नियम होता. तो कुणीच पाळत नसे. दुसरा नियम मात्र आम्ही कसोशीने पाळायचो. काहीही कानावर पडो, मधे बोलायचं नाही. तोंड उघडायची मुभा एकाच वाक्यापुरती, "तीन मिनिटं झाली, पुढे बोलायचंय का?"

अशा बाईच्या पाठीमागे उभं राहून मुलगा फोनवर कुणालातरी हळूच म्हणतो, "सी. ए. असणार म्हणतायत."

मी मटार सोलत होते. मान वर न करता विचारलं, "सी. ए. आहे का? मग चांगलंय की. पत्रिका मागवा. पण आपली पोरगी अजून बारावीत आहे रे."

शेजारी उभी असलेली सून स्वयंपाकघरात पळाली. मुलगा "हो, नाही, ऑफिसमधलं काहीतरी" असं पुटपुटला. मी पुढची शेंग घेतली. डॉक्टरी सी. ए. म्हणजे कॅन्सर, आणि तो आपल्याला झालाय हे मला चार दिवस आधीच कळलं होतं, तेही दाराच्या फटीतून. ते सांगते. पण आधी श्रावणापासून सुरुवात करायला हवी, कारण खरा शहाणपणा मी तिथेच केला होता.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाची मी म्हणजे सदुसष्ट वर्षांची, केस रंगवणारी, स्वतःला फार हुशार समजणारी एक बाई. पंचविशीतली मी याहून मूर्ख होते, पण ती निदान वयाने तरी लहान होती. या बाईला काही सबब नव्हती.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत बायकांचा मंगळागौरीचा ग्रुप आहे. नऊवारी नेसून, नथ घालून, झिम्मा, फुगडी, पिंगा, सगळं. श्रावणात ठिकठिकाणी स्पर्धा असतात आणि आम्ही म्हाताऱ्या त्यांत अशा उतरतो की तरुण मुली पाणी आणायला धावतात. माझी फुगडी बघायला लोक थांबायचे. माझी जोडीदारीण दुसऱ्या मजल्यावरची मालवणी बाई. जोडीदारीण म्हणजे वैरीण. मधोमध फुगडी कोण घालणार यावरून आमचं दरवर्षी वाजायचं, आणि दरवर्षी आम्ही दोघीच घालायचो.

त्या श्रावणात मी बारीक व्हायला लागले. एका पोळीची अर्धी झाली, भात नकोसा झाला, आणि ही बाई आरशासमोर उभी राहून खूश. शिंप्याकडे पोलकी आत घ्यायला टाकली. कुणी विचारलं, "काय गं, झकास दिसतेस, डाएट का?" तर मान वेळावून म्हणायची, "छे गं, मनावर घेतलं की होतं." मनावर कसलं डोंबलाचं घेतलंय! गाठ वाढत होती पोटात आणि ही दाद घेत होती.

शिवाय रोज संध्याकाळी बारीक ताप यायचा. सराव आटोपून वर आले की अंग कसकसायचं, डोळे चुरचुरायचे. झोपेत इतका घाम सुटायचा की गाऊन बदलावा लागे, आणि तो मीच पहाटे उठून धुऊन टाकायची. का? तर सुनेला कळलं असतं. सून चांगली आहे हो, पण फार चांगली आहे. ताप म्हटला की तिने मला पलंगावर बसवून सूप पाजलं असतं आणि मधोमधची फुगडी गेली असती. मग मी आल्याचा काढा घ्यायची, अंगावर शाल ओढायची आणि म्हणायची, "तुमचा तो एसी कमी करा आधी." झाकली मूठ सव्वा लाखाची. स्पर्धा आम्ही जिंकलो. परतताना गाडीत मला पोटापासून पाठीपर्यंत अशी कळ आली की नथ दातांत धरली.

त्यानंतर मूठ झाकून चालेना. सोनोग्राफी झाली, मग मोठा स्कॅन झाला, आणि अंधेरीच्या एका मोठ्या हॉस्पिटलात सर्जनसमोर आमची वरात जाऊन बसली. मी मधे, डावीकडे मुलगा, उजवीकडे सून. आता गंमत बघा. डॉक्टर विचारत होते मला आणि उत्तरं देत होते हे दोघे.

"भूक लागते का यांना?"

"कमी झालीय," सून.

"खोकला?"

"अजिबात नाही. एक्स-रे पण क्लीन आहे," मुलगा.

"ताप वगैरे?"

"छे! आईला ताप येतच नाही कधी. ती तर मंगळागौर खेळते डॉक्टर, आत्ता श्रावणात फर्स्ट आली," असं अभिमानाने सांगणारा माझा मुलगा घरी येतो नऊ वाजता.

मी गप्प. एकतर सून शेजारी बसलेली, तिच्यादेखत चोरी कशी उघडी करणार? आणि दुसरं म्हणजे आमच्याकडे पद्धतच अशी की डॉक्टरकडे आजारी माणसाने फक्त पोट दाखवायचं, तोंड मुलांनी चालवायचं. आमच्या सासूबाईंचंही आम्ही असंच केलं होतं. मी आपली पार्सलसारखी बसून राहिले.

मग डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली आणि मुलाकडे पाहिलं. मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी लाडात म्हणाला, "आई, जरा बाहेर जाऊन पाणी पिऊन ये."

पाण्याचा कूलर दाराला लागूनच होता. दार नीट लागलं नव्हतं. चाळीस वर्षांचा सराव असलेला कान आणि एवढी मोठी फट! मी पेला हातात धरून सगळा कॉल ऐकला. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ आहे. आजूबाजूलाही काही गाठी दिसतायत. या वयात, एवढं वजन उतरलेलं असताना, अशी गाठ बहुतेक वेळा कॅन्सरचीच असते. अजून काढता येण्यासारखी आहे, तेव्हा वेळ घालवू नये. ऑपरेशन मोठं आहे. स्वादुपिंडाचं डोकं, पित्ताशय, आतड्याचा काही भाग, सगळं काढून उरलेलं पुन्हा जोडायचं. मला आमचा जुना स्विचबोर्ड आठवला. एवढ्या वायरी उपसून परत लावायच्या, त्याही सदुसष्ट वर्षं जुन्या बोर्डाच्या. त्यातली एखादी सैल राहिली तर?

मुलगा रडवेल्या आवाजात म्हणाला, "आईला सांगू नका हं डॉक्टर. ती खचेल."

मी पाणी पिऊन टाकलं. खचायला सवड कुठे होती? दोन मिनिटांत हे लोक बाहेर येणार होते आणि मला काहीच माहीत नसल्याचा चेहरा तयार ठेवायचा होता.

पुढचे दिवस घरात असे गेले की विचारू नका. सगळेच नाटक करत होतो, आणि मला वाटत होतं सगळ्यात चांगलं काम माझंच. सून माझ्या मनासारखी आमटी करू लागली. मुलगा, जो माझ्या वाढदिवसाला फोनवर फूल पाठवतो, तो रोज संध्याकाळी लवकर येऊन माझ्याशेजारी मालिका बघायला लागला आणि "ही कोण आई? आणि ही हिची सासू का?" असं विचारून मला जीव नकोसा करू लागला. नात एकदा बाथरूममधून डोळे लाल करून बाहेर आली आणि म्हणाली, "शॅम्पू गेला गं आजी." मी म्हटलं, "बरं." ते मला संपत आलेल्या साबणासारखं जपतायत आणि मी त्यांना कळू न देता मनातल्या मनात निरोप घेतेय. काय तो थाट! त्या बाईला स्वतःच्या मरणातही मधोमधची जागा हवी होती.

दुसऱ्या मजल्यावरच्या वैरिणीला मी वर बोलावलं आणि माझी हिरवी नऊवारी तिच्या हातात ठेवली. म्हटलं, "ही तू नेस. मधोमध तूच राहा आता."

ती बघतच राहिली. मग तिला हुंदका आला. "काय गो, असा काय बोलतंस? सुकलंस किती ती!" म्हणत तिने साडी घेतली, आणि खाली जाऊन गावी भावाला फोन लावला. ग्रामदेवतेपुढे माझ्या नावाने गाऱ्हाणं घालायला सांगितलं. म्हणजे कॅन्सर बिल्डिंगभर झाला होता. फक्त मला माहीत नसायचं होतं.

ऑपरेशनच्या आधी कागदांवर सह्या करायला पुन्हा अंधेरीला जायचं ठरलं. रिक्षात मी बाहेर बघत बसले. लिंक रोडवर नेहमीची गर्दी, रिक्षा मुंगीच्या चालीने. तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली. मरणाची म्हणाल तर, ती जुनी ओळखीची आहे, हे गेले तेव्हाच घरी येऊन चहा पिऊन गेली. भीती वाटली ती टेबलावर झोपवून पोट उघडतील आणि तोवर मला कुणी एक शब्दही विचारलेला नसेल, याची. पोट माझं, गाठ माझी, आणि कॉल चाललाय तिसऱ्याच दोघांचा.

आत गेलो. तीच खुर्ची, तीच बाजूंची माणसं. डॉक्टर ऑपरेशनचे धोके सांगायच्या बेतात आले. मुलगा माझ्याकडे वळला.

"आई, जरा पाणी—"

"नको," मी म्हटलं. "पाणी पिऊन पिऊन पोटाला तड लागलीय. डॉक्टर, तीन मिनिटं झाली."

डॉक्टरांना काही कळेना. "काय झालं आजी?"

"म्हणजे आता मला मधे बोलायची परवानगी आहे. मला कॅन्सर आहे ना?"

सुनेने तोंडावर पदर धरला, म्हणजे ओढणी. मुलगा "आई, तुला कुणी...?" एवढंच म्हणू शकला.

"तूच सांगितलंस. मी त्या कूलरपाशी होते. तुमचं दार दुरुस्त करून घ्या डॉक्टर."

डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांनी खुर्ची फिरवली. आधी ती मुलाकडे होती, आता माझ्याकडे झाली. एवढंच. पण मला आठवतंय, की त्या गृहस्थांच्या डोळ्यांचा रंग मला तेव्हा पहिल्यांदा दिसला. घारे होते.

"आजी, तुम्हाला कळलंच आहे तर मग तुम्हीच सांगा. पहिल्यापासून. काय काय होतं?"

मग मी सुटले. मंगळागौर नाही, मधोमधची जागा नाही, साडीसुद्धा देऊन टाकलेली, आता लपवायचं कुणासाठी? भूक सांगितली, पाठीतली कळ सांगितली, पोलकी सांगितली. आणि बोलता बोलता म्हटलं, "संध्याकाळचा ताप तेवढा काढ्याने उतरतो."

डॉक्टरांनी मला थांबवलं. "कुठला ताप?"

"रोजचा."

"आई!" दोन्ही बाजूंनी एकदम.

"रोज संध्याकाळी? कधीपासून?"

"श्रावणापासून. सकाळी काही नसतं. रात्री घाम सुटतो, गाऊन पिळून काढावा इतका."

डॉक्टर उठले आणि त्यांनी ती फिल्म पुन्हा उजेडावर लावली. मुख्य गाठ सोडून तिच्या आजूबाजूच्या बारक्या गाठी ते बघत बसले. मग म्हणाले, "ऑपरेशन थोडं पुढे ढकलू. आधी सुईने नमुना काढून बघतो. मला टीबीची शंका येतेय."

"टीबी?" मुलगा म्हणाला. "पण खोकला नाही, एक्स-रे क्लीन आहे..."

"टीबी फक्त छातीत होत नाही. पोटात होतो, तिथल्या गाठींत होतो, क्वचित स्वादुपिंडाशीही होतो. आणि स्कॅनवर हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो. पण मी वचन देत नाही हां. तापासकट कॅन्सरही असू शकतो. तपासल्याशिवाय कळणार नाही."

मुलगा घायकुतीला आला. "आणि तेवढ्यात वाढला तर? डॉक्टर, तुम्हीच म्हणालात वेळ घालवू नका. काढूनच टाका ना!"

त्याची चूक नव्हती. त्याला आई वाचवायची होती, आणि घाबरलेल्या माणसाला काहीतरी करून टाकणं हेच औषध वाटतं. मी त्याच्या मनगटावर हात ठेवला. "अरे, घरातला जुना मिक्सर टाकताना चार दुकानांत विचारलंस. माझं अर्धं पोट न विचारता टाकतोस होय? आधी सुई."

आणि सुई झाली. तोंडातून दुर्बीण घालून, तिच्या टोकाच्या सोनोग्राफीवर बघत, आतल्या आत गाठीचा नमुना काढतात. मला झोपवलं होतं, त्यामुळे त्या कॉलमधलं काही ऐकलं नाही, ही एकच चुटपूट.

रिपोर्ट येईपर्यंत घरात इंग्रजी बंद झालं होतं. सगळे मराठीत घाबरत होते, आणि ते बरं वाटत होतं. मुलगा एकदा जेवताना म्हणाला, "ताप लपवलास तू. आमच्यापासून!"

"आणि तुम्ही माझ्यापासून काय लपवलंत?"

नात ताटावरून मान वर न करता म्हणाली, "तुम्ही सगळ्यांनी मिळून डॉक्टरची वाट लावली यार."

पोरीचं खरं होतं. ते माझ्यापासून कॅन्सर झाकत होते, मी त्यांच्यापासून ताप झाकत होते, आणि त्या बिचाऱ्या डॉक्टरसमोर आम्ही दोन्ही झाकणं घट्ट लावून बसलो होतो. वर पुन्हा म्हणायचं, निदान बरोबर करा.

टीबीच निघाला.

डॉक्टरांनी सांगितल्यावर सून तिथेच रडायला लागली, मुलगा उगाच डॉक्टरांचा हात हलवत राहिला. सहा महिने गोळ्या, एकही चुकवायची नाही, मधेच बरं वाटलं तरी थांबवायच्या नाहीत. गोळ्यांनी लघवी केशरी होईल, घाबरू नका, असंही सांगितलं. मी म्हटलं, आयुष्यभर ऑफिसला पांढऱ्या-करड्या साड्या नेसले, म्हातारपणी एवढा तरी रंग.

आणि घरी परतताना रिक्षातच सून माझ्या कानाशी लागली. "आई, खाली कुणाला सांगू नका हं. टीबी म्हटलं की लोक लांब बसतात. पोरीच्या मैत्रिणी-बित्रिणी, क्लास, सगळंच आहे ना."

म्हणजे बघा. कॅन्सर सगळ्या बिल्डिंगला चालला. त्याला मान होता, त्याला गाऱ्हाणं होतं. बरा होणारा टीबी मात्र चोरून घरात आणायचा. डॉक्टरांनी तर बजावलं होतं, छाती साफ आहे, खोकला नाही, पोटातला टीबी असा शेजारी बसून लागत नाही. पण सुनेचा चेहरा बघून मी "बरं" म्हटलं. तेवढे महिने गप्प राहिले. गोळ्यांनी आधी मळमळायचं, मग सवय झाली. ताप गेला, भूक आली, पोलकी पुन्हा उसवून आणली. नंतरच्या स्कॅनमध्ये गाठ आक्रसून खूणभर उरली होती.

पुढच्या श्रावणात मी सोसायटीच्या हॉलमध्ये सरावाला गेले, तर तिथे माझी कथा माझ्याआधी पोचलेली. मालवणी वैरीण माझी हिरवी साडी नेसून मधोमध उभी होती आणि नव्या बायकांना सांगत होती, "डाक्टरांनी हात टेकल्यानी होते. कॅन्सर! माझ्या भावान गाऱ्हाणा घातल्यान आणि बघा, उभी रवली." बायका माझ्याकडे देवीकडे बघावं तशा बघत होत्या. एकीने तर विचारलंही, माझ्या जावेला कॅन्सर आहे, तिचंही गाऱ्हाणं घालता येईल का, केमोचा त्रास होतो तिला, बंद करावी म्हणते.

सून दारात होती. ती मला नजरेने विनवत होती, आई, पाणी पिऊन या.

"कॅन्सर नव्हता मला," मी म्हटलं. "टीबी होता. पोटातला. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, बरी झाले. तुझ्या जावेला सांग, केमो सोडू नकोस, आणि डॉक्टरला सगळं स्वतःच्या तोंडाने सांग."

माझ्या शेजारची बाई किंचित सरकली. फार नाही, एक फरशी. दुसरीने पदर सावरायच्या निमित्ताने हात मागे घेतला. फुगडीला हातात हात लागतात, तेव्हा एवढंही पुरतं. मी सुनेकडे पाहिलं नाही.

माझी वैरीण कपाळाला आठी घालून विचार करत होती. तिचा चमत्कार भर हॉलमध्ये मोडला होता, तो कसा सांधावा हे तिला सुचत नव्हतं. मग एकदम तिचा चेहरा उजळला.

"मगे! देवान कॅन्सराचो टीबी केल्यान! आणि काय होया तुका?" असं म्हणून तिने साडीचा काष्टा खोचला आणि दोन्ही हात पुढे केले. "दी हात. मागच्या वेळी माझ्या अंगठ्यार पाय दिलंस, ता मी विसराक नाय."

आम्ही हात गुंफले. तिची पकड अशी की बांगड्या रुतल्या. दुसऱ्या गिरकीला मला दारातली सून दिसली. ती चपला काढत होती. चौथ्या की पाचव्या गिरकीला ती त्या सरकलेल्या बाईच्या आणि माझ्या मधल्या रिकाम्या फरशीवर येऊन उभी राहिलेली दिसली, ओढणी कमरेला बांधून, आपली पाळी कधी येते ते बघत.

साडी मात्र वैरिणीने अजून परत केलेली नाही. म्हणते, मेलेल्याची वस्तू एकदा दिली की दिली.